पायथन वापरता, आता पायथनवरच काम करा: पहिल्या पुल रिक्वेस्टपर्यंतची वाट

पायथनला 'घर' हा शब्द द्या आणि यात सगळी अक्षरंच आहेत का, असं विचारा. उत्तर येतं, हो. मग 'घरी' द्या. उत्तर येतं, नाही.

मराठी शब्दांच्या याद्या साफ करताना मला हे दिसलं. 'इझअल्फा' या तपासणीतून माझी अर्ध्याहून जास्त यादी गळून पडली होती. भाषेतच चूक सापडली असं वाटून मी तक्रार लिहायला बसले. पाठवण्याआधी थोडं शोधलं, तेव्हा कळलं की युनिकोडच्या वर्गवारीत दुसरी वेलांटी 'अक्षर' या गटात बसतच नाही, ती 'चिन्ह' गटात जाते. इझअल्फा फक्त अक्षर गट बघतं, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलेलंही आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं 'बॅकस्लॅश डब्ल्यू' याच कारणाने 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे करतं. ते युनिकोडच्या नियमांप्रमाणे वागत नाही, असा इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडची तक्रारीची जाहीर नोंद, २०११ सालीच कुणीतरी नोंदवला होता. तो मी वरपासून खालपर्यंत वाचला. ज्या भाषेत मी रोज काम करते ती माणसं बसून, वाद घालून, एकमेकांना पुरावे देऊन घडवतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसलं.

तिथून माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल प्रकल्पात घ्या' अशी विनंती, मर्ज होईपर्यंत, म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये सामील होईपर्यंत, बरेच महिने गेले. त्यातले निम्मे तरी निव्वळ गोंधळात गेले, आणि कुणी शेजारी बसून सांगितलं असतं तर ते वाचले असते. हा लेख त्यासाठी आहे. पायथनचा मुख्य इंटरप्रीटर, म्हणजे सीपायथन, हेच उदाहरण घेतलं आहे, कारण तेच मला आतून माहीत आहे. कमांड इथे देवनागरीत सांगितल्या आहेत. टाइप करायची वेळ आली की त्या 'पायथन डेव्हलपर्स गाइड'मधून जशाच्या तशा उचला. हे अधिकृत मार्गदर्शक आहे, सगळे त्याला डेव्हगाइड म्हणतात, आणि पुढचे काही आठवडे ते सतत उघडं ठेवायचं आहे.

काय काय लागेल

- गिटहबवरचं खातं आणि गिटची जुजबी ओळख: क्लोन, ब्रँच, कमिट, पुश. एवढं पुरतं.
- लिनक्स, मॅक किंवा विंडोज असलेला संगणक. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओची सी साठीची बिल्ड साधनं लागतात.
- पायथन बऱ्यापैकी लिहिता येणं. सी भाषा यायलाच हवी असं नाही. स्टँडर्ड लायब्ररीचा मोठा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे.
- वाचता येईल इतकं इंग्रजी आणि छोटी, सरळ वाक्यं लिहिता येतील इतका धीर.
- एक वही.

१. वही आधी उघडा

वही मी यादीत उगाच घातलेली नाही. नवखा माणूस जिथे अडखळतो ती जागा जुन्या माणसाला दिसत नाही, कारण त्याचे पाय सवयीने तिथून पुढे जातात. तुम्हालाही ती जेमतेम महिनाभर दिसेल. नंतर तुमचेही पाय सरावतील. म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा: कुठली सूचना वाचून कळली नाही, कुठली कमांड सांगितल्याप्रमाणे चालली नाही, कुठला शब्द अर्थ न सांगता वापरला होता, कुठल्या एरर मेसेजवर तास गेला. तारीख घाला, नेमका मजकूर उतरवून घ्या.

माझं पहिलं मर्ज झालेलं काम याच वहीतून आलं. डॉक्युमेंटेशनमधलं एक उदाहरण मी तीनदा वाचलं तरी समजत नव्हतं. दोष माझ्या समजेचा नव्हता. उदाहरणात वापरलेलं एक नाव आधी कुठे सांगितलंच नव्हतं. दोन ओळींचा बदल होता, पण माझ्यानंतर ते पान वाचणाऱ्या प्रत्येकाचा तेवढा वेळ वाचला. अडखळणं नोंदवणं, त्याचं कारण शोधणं आणि ते दूर करणं हेच मूळ काम आहे. सी भाषा, पार्सर, मेमरी वगैरे त्याच्या पुढच्या पायऱ्या.

२. कागदपत्रं उरकून घ्या

कागद एकच आहे: काँट्रिब्यूटर लायसन्स अॅग्रीमेंट, बोलीभाषेत सीएलए. तुमच्या कामाचा हक्क तुमच्याकडेच राहतो. ते वापरण्याची आणि वाटण्याची परवानगी तुम्ही पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला देता. पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली की एक बॉट येऊन दुवा देतो. तिथे गिटहब खात्याने सही करायची, की झालं.

इथे दोन सापळे आहेत. पहिला ईमेलचा. गिटमध्ये नोंदवलेला ईमेल आणि गिटहब खात्यावरचा ईमेल वेगळे असले तर सही करूनही बॉट अडून बसतो. कॉलेजच्या किंवा भावंडाच्या लॅपटॉपवरून काम करणाऱ्यांना हे हमखास होतं, कारण गिटमध्ये आधीच्या कुणाचा तरी पत्ता असतो. पहिल्या कमिटच्या आधीच तो तपासा. नंतर प्रत्येक कमिटवरचं नाव बदलत बसणं त्रासाचं आहे.

दुसरा सापळा नोकरी करणाऱ्यांसाठी. काही नेमणूकपत्रांत तुम्ही लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, अशी अट असते. आपलं पत्र काढून ती ओळ वाचा. शंका असेल तर आधी लेखी विचारा, सही त्यानंतर करा.

३. सोर्स आणा आणि बिल्ड करा

गिटहबवर सीपायथनची रिपॉझिटरी फोर्क करा, म्हणजे तिची प्रत आपल्या खात्यात घ्या, ती संगणकावर क्लोन करा आणि मूळ रिपॉझिटरी 'अपस्ट्रीम' या नावाने जोडून ठेवा. इतिहास १९९० पासूनचा आहे, त्यामुळे क्लोन व्हायला वेळ लागतो. नेट मंद असेल तर अलीकडचाच इतिहास आणणारा 'डेप्थ' हा पर्याय वापरा. लॅपटॉप जुना असेल किंवा बिल्ड पेलणार नाही असं वाटत असेल, तर गिटहब कोडस्पेसेसमध्ये थेट ब्राउझरवर काम करता येतं. सीपायथनच्या रिपॉझिटरीत त्याची मांडणी तयार आहे.

लिनक्स आणि मॅकवर 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट 'विथ पायडीबग' हा पर्याय देऊन चालवायची आणि मग 'मेक'. विंडोजवर पीसीबिल्ड फोल्डरमधली बिल्ड बॅच फाइल, 'डी' पर्यायासह. पायडीबग विसरू नका. त्याने इंटरप्रीटर हळू चालतो, पण एरवी लपून राहणाऱ्या चुका तो पकडतो.

आता घाबरवणाऱ्या पण निरुपद्रवी गोष्टी. 'मेक'च्या शेवटी काही ऐच्छिक मॉड्यूल्ससाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत, अशी यादी येते. मी ती बघून बिल्ड फसला असं समजले आणि एक संध्याकाळ सगळं पुसून पुन्हा केलं. बिल्ड झालेला होता. त्या यादीचा अर्थ इतकाच की एसएसएल किंवा झेडलिबसारख्या लायब्रऱ्यांच्या डेव्हलपमेंट फाइल्स तुमच्या संगणकावर नाहीत. हव्या असतील तर त्या बसवा आणि पुन्हा मेक करा.

मॅकवर तयार होणाऱ्या फाइलचं नाव 'पायथन डॉट ईएक्सई' असतं. विंडोजची फाइल चुकून तयार झाली असं समजून ती खोडू नका. रिपॉझिटरीत मोठ्या 'पी'चं 'पायथन' नावाचं फोल्डर आहे. मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, म्हणून टक्कर टाळायला हे नाव दिलं आहे.

बिल्ड झाला की टेस्ट चालवा. सगळ्या चालवायला बराच वेळ जातो. 'जे शून्य' हा पर्याय दिला तर संगणकाचे सगळे कोअर कामाला लागतात. काही टेस्ट 'स्किप्ड' दिसतील. त्यांना नेटवर्क किंवा एखादी विशिष्ट सोय लागते, ते नेहमीचंच. काही बदलण्याआधीच एखादी टेस्ट नापास होत असेल तर तिचं नाव वहीत लिहा. नंतर तुमच्या बदलामुळे ती मोडली की आधीपासूनच मोडलेली होती, हे ओळखायला ती नोंद लागेल.

एक आणखी, याच टप्प्यावर लोक फसतात म्हणून. इंटरनेटवर जुनी मार्गदर्शनं भरपूर आहेत. सीपायथन २०११ ते २०१७ या काळात मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनावर होतं, फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटहबवर आलं, आणि इश्यू तर एप्रिल २०२२ पर्यंत वेगळ्याच ठिकाणी, 'बीपीओ' या जुन्या साइटवर, नोंदवले जात. 'पॅच फाइल जोडा' किंवा 'बीपीओ नंबर लिहा' असं सांगणारा लेख दिसला की तो बाजूला ठेवा.

४. घराची ओळख करून घ्या

रिपॉझिटरी उघडली की छाती दडपते. खोल्या मोजक्याच आहेत. 'लिब'मध्ये पायथनमध्ये लिहिलेली स्टँडर्ड लायब्ररी, आणि त्याच्याच आत 'टेस्ट'. 'ऑब्जेक्ट्स'मध्ये लिस्ट, डिक्ट, स्ट्रिंग हे मूळ प्रकार, सी भाषेत. 'मॉड्यूल्स'मध्ये सी मध्ये लिहिलेली मॉड्यूल्स. मोठ्या पी चं 'पायथन' म्हणजे इंटरप्रीटरचा गाभा. 'ग्रामर'मध्ये भाषेचं व्याकरण, 'पार्सर'मध्ये ते वाचणारा कोड. 'डॉक'मध्ये डॉक्युमेंटेशन.

सराव म्हणून एकच गोष्ट करा: आपल्या ओळखीची एक मेथड शोधून काढा. मी इझअल्फा शोधली. ती ऑब्जेक्ट्समधल्या युनिकोडच्या फाइलीत सापडली. तिथून एकेक अक्षराची तपासणी कुठे होते ते गाठलं, तेव्हा वेलांटी नेमकी कुठल्या ओळीवर नापास होते ते डोळ्यांनी पाहिलं. '१२३' ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग 'इंट'ला दिली तर १२३ ही संख्या बिनतक्रार मिळते, तेही कशामुळे ते याच धाग्याने उलगडलं. आपल्या लिपीचं काम करणाऱ्या माणसासाठी याहून चांगली प्रवेशाची वाट मला माहीत नाही. चार तास लागले तरी द्या.

५. काम निवडा

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून इथे थोडं थांबते.

काय निवडू नये ते आधी. भाषेत नवं सिंटॅक्स घालण्याची कल्पना घेऊन पहिल्याच दिवशी जाऊ नका. त्यासाठी पेप नावाचा सविस्तर प्रस्ताव लिहावा लागतो, कोअर डेव्हलपरपैकी, म्हणजे बदल मर्ज करण्याचा अधिकार असलेल्यांपैकी, कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं, आणि निर्णय पाच जणांची निवडून आलेली स्टीअरिंग कौन्सिल घेते. २०१८ साली 'वॉलरस' ऑपरेटरच्या प्रस्तावावर इतका वाद झाला की त्यानंतर खुद्द पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी जुलै महिन्यात अंतिम निर्णयाच्या भूमिकेतून निवृत्ती घेतली. ज्यांनी भाषा जन्माला घातली त्यांचीही जिथे दमछाक झाली, तिथे आपली पहिली शक्ती खर्च करू नये.

नुसती रंगसफेदीही नको. रिकाम्या जागा नीट करणं, जुना कोड नव्या पद्धतीने लिहिणं, व्हेरिएबलची नावं बदलणं असले बदल सहसा स्वीकारत नाहीत. हट्ट म्हणून नव्हे. प्रत्येक ओळीला इतिहास असतो, ती ओळ बदलली की कुठला बदल का झाला हे शोधणं अवघड होतं, शिवाय जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्त्या नेताना अडचण येते. रेझ्युमेत दाखवायला किंवा एखाद्या स्पर्धेतल्या टी-शर्टसाठी केलेल्या असल्या रिक्वेस्ट ओसंडून वाहू लागल्या, की तपासणारी माणसं, जी बहुतांशी आपला खाजगी वेळ देतात, थकतात. त्याचा फटका खऱ्या नवख्यांना बसतो.

'इझी' असं लेबल लावलेले इश्यू बघा, पण त्यावरच विसंबू नका. ते लवकर उचलले जातात, आणि जे उरतात ते पुष्कळदा नावाइतके सोपे नसतात. एखादा आवडला तर आधी उजवीकडे किंवा खाली बघा, त्याला कुणाची पुल रिक्वेस्ट जोडलेली आहे का. असेल तर तो सोडा, किंवा त्या रिक्वेस्टचा रिव्ह्यू करा.

'प्लीज असाइन मी सर' असं लिहिण्याची आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फार सवय आहे. सीपायथनमध्ये त्याची गरज नाही. तिथे कुणी नवख्याच्या नावावर इश्यू लावून देत नाही, आणि परवानगीची वाट बघत बसणाऱ्याला उत्तरही येत नाही. 'मी हे बघते आहे' एवढं लिहा आणि सुरू करा. आणि 'सर' नको. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यात अनादर नाही. प्रत्येक प्रकल्पाची रीत वेगळी, हे मात्र ध्यानात ठेवा. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात 'रस्टबॉट'ला 'क्लेम' असं सांगितलं की इश्यू आपल्या नावावर लागतो, आणि 'मेंटॉर'चं लेबल असलेल्या इश्यूंवर कुणीतरी वाट दाखवायला तयार असतं. दुसऱ्या भाषेकडे जाणार असाल तर आधी तिथल्या गाइडमध्ये ही रीत शोधा.

मी तुम्हाला कुठून सुरुवात करायला सांगेन? इश्यू तपासण्यापासून. हजारो इश्यू उघडे आहेत. त्यातल्या पुष्कळांवर कुणी एवढंही सांगितलेलं नसतं की ही चूक आजच्या 'मेन' ब्रँचवर दिसते की नाही. तुमच्याकडे नुकताच बिल्ड केलेला इंटरप्रीटर आहे. इश्यूतला कोड चालवा. चूक दिसली तर ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्ती आणि मिळालेलं उत्तर लिहा. इश्यूतलं उदाहरण ऐंशी ओळींचं असेल तर ते छाटून आठ ओळींवर आणा आणि ते टाका. हे काम मागे पडलेलं असतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यातून कोड वाचायची नजर येते. असे दहा-पंधरा इश्यू तपासल्यावर एखादा असा भेटतो की त्याचं कारण तुम्हाला स्वच्छ दिसतं. तोच तुमचा इश्यू.

दुसरी वाट तुमच्या वहीतली. डॉक्युमेंटेशनमधल्या नोंदी काढा आणि त्यातली सगळ्यात छोटी निवडा.

सुरक्षेला धोका पोचेल असं काही सापडलं तर ते उघड इश्यूत लिहू नका. त्यासाठी पायथनच्या सिक्युरिटी टीमचा वेगळा पत्ता आहे, तिथेच कळवा.

६. बदल करा

'मेन'वरून नवी ब्रँच काढा. थेट मेनवर काम करू नका, दुसरी रिक्वेस्ट पाठवताना सगळं एकात एक गुंततं.

आधी टेस्ट लिहा. ती नापास होताना बघा. मग दुरुस्ती करा, मग ती पास होताना बघा. हा क्रम उलटा केला तर तुमची टेस्ट खरंच ती चूक पकडते की नाही, हे तुम्हालाही कळत नाही. पायथन कोड पेप ८ प्रमाणे, सी कोड पेप ७ प्रमाणे. पण आजूबाजूचा जुना कोड वेगळ्या वळणाचा असेल तर त्याच्याशी मिळतंजुळतं लिहा.

यंत्राने तयार केलेल्या फाइली हाताने दुरुस्त करू नका. हा सापळा खोल आहे, कारण बदल तुमच्या संगणकावर चालतोसुद्धा. 'क्लिनिक' नावाच्या फोल्डरांतल्या फाइली अर्ग्युमेंट क्लिनिक हे साधन बनवतं. पार्सरमधली मोठी सी फाइल ग्रामर फोल्डरमधल्या व्याकरणातून निघते. तुमचा हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जातो. मूळ फाइल बदला आणि 'मेक रीजेन-ऑल' चालवा. फाइलीच्या डोक्यावर ती आपोआप तयार झाल्याचं लिहिलेलं असतं, म्हणून पहिल्या चार ओळी वाचायची सवय लावा.

डॉक्युमेंटेशनवर काम असेल तर लक्षात ठेवा, ते मार्कडाउन नाही, रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट आहे. कोडसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक लागतात. एकेरी दिली तर ती वेगळ्याच अर्थाने घेतली जाते. डॉक फोल्डरमध्ये पानं बिल्ड करून ब्राउझरमध्ये आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सी कोडला हात लावला असेल तर टेस्ट मोठ्या 'आर' पर्यायाने पुन्हा चालवा. ती टेस्ट अनेकदा फिरवून रेफरन्स गळतात का ते बघते. शेवटी 'मेक पॅचचेक' चालवा, ते नेहमीच्या बारीक चुका राहिल्या का ते तपासतं.

७. पुल रिक्वेस्ट पाठवा

शीर्षक 'जीएच', आडवी रेघ, इश्यूचा क्रमांक, विसर्गासारखी दोन टिंबं आणि मग बदलाचं एका ओळीत वर्णन. निव्वळ शुद्धलेखनाची दुरुस्ती असेल तर इश्यू लागत नाही.

वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल असेल तर 'न्यूज'ची नोंद जोडावी लागते. 'ब्लर्ब' हे छोटं साधन ती फाइल तयार करून देतं. नोंद पायथन वापरणाऱ्यासाठी लिहायची असते. तुम्ही कुठल्या फंक्शनमध्ये काय बदललंत यात त्याला रस नसतो, त्याला पूर्वी काय होत होतं आणि आता काय होईल ते हवं असतं.

वर्णनात तीन गोष्टी पुरतात: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, आणि कुठल्या टेस्टने ते सिद्ध होतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर वाक्यं आणखी छोटी करा. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालं, आणि पहिलं वर्णन लिहायला मला दोन तास लागले. भाषा साधी आहे म्हणून कुणी मला कधी हिणवलं नाही. उलट लांबलचक आलंकारिक अर्ज वाचून रिव्ह्यू करणाऱ्याला मुद्दा शोधावा लागतो. चॅटबॉटकडून कोड किंवा वर्णन लिहून घेऊन, स्वतः न समजता पाठवू नका. पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येणार नाही, आणि समोरच्याचा वेळ तुमच्या नावावर वाया गेलेला राहील.

पाठवल्यावर वेगवेगळ्या सिस्टिमवर टेस्ट आपोआप फिरतात. लाल फुली दिसली तर आत जाऊन लॉग वाचा. कधी ती चूक तुमची असते. कधी टेस्टच लहरी असते. वहीतली जुनी नोंद इथे उपयोगी पडते.

८. वाट बघा, आणि रिव्ह्यू घ्या

उत्तर एका दिवसात येऊ शकतं किंवा तीन महिने लागू शकतात. दोन्ही मी अनुभवलं आहे. शांततेचा अर्थ नकार नव्हे. निदान महिनाभर थांबा, मग एकदा नम्रपणे आठवण करा. मधल्या काळात दुसऱ्या कुणाच्या रिक्वेस्टवर नजर टाका: त्यांची ब्रँच आणून बिल्ड करा, टेस्ट चालवा, काय दिसलं ते लिहा.

रिव्ह्यूतल्या सूचना तोडून टाकणाऱ्या वाटू शकतात. बहुतेक रिव्ह्यू करणारे दिवसभराच्या नोकरीनंतर थोडक्यात लिहितात. वाक्य कोरडं असलं तरी ते तुमच्या कोडबद्दल असतं. पटलं नाही तर कारण देऊन तसं सांगा, ते चालतं. कुणी खरोखरच अपमानकारक बोललं तर सहन करू नका. आचारसंहिता आहे, आणि तक्रार कुठे करायची तेही तिथेच लिहिलेलं आहे.

बदल नव्या कमिटमध्ये पुश करा. इतिहास स्वच्छ दिसावा म्हणून रीबेस करून फोर्स-पुश करण्याचा, म्हणजे जुन्या कमिट नव्याने लिहून त्यांच्या जागी ढकलण्याचा, मोह टाळा. रिव्ह्यू करणाऱ्याला मग तुम्ही मागच्या वेळेनंतर काय बदललंत ते दिसत नाही. मर्ज होताना सगळ्या कमिट तशाही एकत्र दाबल्या जातात. बदल संपले की 'मागितलेले बदल केले आहेत, पुन्हा बघावे' या अर्थाचं ठरावीक इंग्रजी वाक्य बॉटने आधीच दिलेलं असतं, ते अगदी शब्दशः टाका. 'बेडेव्हेर' नावाचा बॉट ते वाचून लेबल बदलतो. स्वतःच्या शब्दांत लिहिलंत तर त्याला कळत नाही, आणि तुमची रिक्वेस्ट 'बदलांच्या प्रतीक्षेत' या रांगेतच पडून राहते. माझी तशी तीन आठवडे पडून होती.

चुकीची दुरुस्ती असेल तर ती मर्ज झाल्यावर 'मिस इस्लिंग्टन' हा बॉट चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळ्या रिक्वेस्ट उघडतो. नवी सोय मात्र फक्त मेनमध्ये जाते. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते, आणि मे महिन्याच्या सुमाराला पहिली बीटा आली की तिच्यात नव्या सोयी घेणं बंद होतं. एप्रिलच्या शेवटी तुमच्या नव्या सोयीकडे कुणी बघत नसेल तर कारण हे आहे. बाकी सगळे आपापली कामं त्या तारखेआधी उरकत असतात.

मर्ज झाल्यावर 'मिस्क' फोल्डरमधल्या 'अॅक्स' या फाइलीत आपलं नाव घाला, आधी घातलं नसेल तर. योगदान देणाऱ्यांची ती यादी आहे, साधारण वर्णक्रमाने.

९. आता दार तुमच्याही हातात आहे

दोन-तीन रिक्वेस्ट मर्ज झाल्या की तुमच्यापाशी अशी एक गोष्ट असते जी वीस वर्षांच्या कोअर डेव्हलपरकडे नसते. आत येताना कुठे ठेच लागली, ते तुम्हाला अजून आठवतं.

२०१६च्या पायकॉन या पायथनच्या परिषदेत गिडो व्हान रॉसम यांनी व्यासपीठावरून सांगितलं की कोअर डेव्हलपरमध्ये स्त्रिया हव्या आहेत, आणि वेळ पडली तर मी स्वतः शिकवीन. ते ऐकून मारिएटा विजया यांनी त्यांच्याकडे मदत मागितली. २०१७च्या सुरुवातीला त्या पायथनच्या पहिल्या स्त्री कोअर डेव्हलपर झाल्या. वर ज्या मिस इस्लिंग्टनचा उल्लेख आला तो बॉट त्यांनीच लिहिलेला आहे. जे काम माणसांना हाताने, कंटाळत करावं लागत होतं ते त्यांनी यंत्राकडे दिलं, आणि त्याचा फायदा आज प्रत्येक नवख्याला होतो.

एवढं मोठं काम सगळ्यांना जमणार नाही. पण पुढच्या गोष्टी याच आठवड्यात करता येतील.

एखादी छोटी चूक सापडली आणि ती दहा मिनिटांत दुरुस्त करता येत असेल, तर ती स्वतः करू नका. इश्यू लिहा. कुठल्या फाइलीत, कुठल्या फंक्शनमध्ये बघावं, टेस्ट कुठे घालावी, हे दोन ओळींत सांगा आणि सोडा. तुमची दहा मिनिटं ही कुणाची तरी पहिली रिक्वेस्ट आहे.

नवख्याच्या रिक्वेस्टवर आधी काय बरोबर आहे ते लिहा, मग काय बदलायचं ते. बदल का हवा, हेही लिहा. आणि 'हे तर सोपं आहे' हे शब्द वापरू नका. समोरच्याला ते सोपं नसेल तर तो पुढचा प्रश्न विचारणारच नाही.

पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत, जिथे कुठे चार पायथनवाले जमतात तिथे फक्त 'पहिला बिल्ड' एवढ्याच कामासाठी एक रविवार ठेवा. भाषणं नकोत. चार लॅपटॉप, एक चांगलं नेट, आणि आधी बिल्ड केलेला एक माणूस. मराठीत बोला. आमच्या अशा एका बैठकीत तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं की 'अपस्ट्रीम' म्हणजे कुणाच्या वरचं. तिथल्या कुणालाच ते एका वाक्यात सांगता आलं नाही. मग नदीचं उदाहरण घेऊन, फळ्यावर काढून समजावलं, आणि ते चित्र आम्ही पुढच्या प्रत्येक बैठकीत वापरतो.

कोडपेक्षा भाषा ज्यांना जवळची आहे त्यांच्यासाठीही दार आहे. २०१७च्या पेप ५४५ने डॉक्युमेंटेशनच्या भाषांतरांची अधिकृत वाट आखून दिली. जपानी, फ्रेंच आणि कोरियन ही त्या वाटेने आलेली पहिली भाषांतरं. मराठीत काम करायचं असेल तर सुरुवात ट्यूटोरियलपासून करा, कारण शाळा-कॉलेजातली मुलं तेच सगळ्यात आधी उघडतात. 'इटरेटर'ला काय म्हणायचं यावर पहिल्या दिवशी भांडत बसू नका. जो शब्द मुलं वर्गात वापरतात तोच देवनागरीत लिहा आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळा.

आणि ती वही कुणाला तरी द्या. मी माझी त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला दिली. तिने पहिल्या पानावरच्या तीन नोंदींवर काट मारून परत आणून दाखवली. त्या तीन अडचणी मधल्या काळात कुणीतरी दूर केल्या होत्या. चौथी तशीच होती. त्यावर आता तिची पुल रिक्वेस्ट उघडी आहे.